वाकडे दात सरळ होतात का?

मित्रांनो, सध्या आपल्या वर्गात दात पडण्याची घाई चालली आहे. दर आठवड्याला कोणीतरी पडलेला दात कागदात गुंडाळून दाखवायला आणतो. म्हणून मी दातांची माहिती लिहायचे ठरवले. दुसरेही कारण आहे, ते पुढे सांगते.

माणसाला दात दोनदा येतात. दुधाचे दात २० असतात. कायमचे ३२ असतात, पण काहींना अक्कलदाढा येतच नाहीत. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून पुष्कळजण तिच्याकडे लक्ष देत नाहीत. पण ती किडून गेली तर पुन्हा येत नाही.

दुधाचा दात किडला व लवकर काढावा लागला, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात. एस.टी.त कोणी उठले की बाजूचा माणूस सरकून बसतो, तसेच. मग नव्या दाताला जागा उरत नाही व तो वाकडा येतो. पुष्कळ वर्षे अंगठा चोखल्यानेही दात पुढे येतात. काहींची जबड्याची ठेवण आईवडिलांसारखीच असते.

आता माझे सांगते. तोंड मिटले की माझी हनुवटी डावीकडे जायची. काही मुले मला वाकडी म्हणायची. मागच्या वर्षी वर्गाचा फोटो काढला, तेव्हा मी तोंडावर हात ठेवला होता. आजी म्हणायची, "एका कुशीवर झोपते ना, म्हणून झालं."

शाळेत तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. आई मला जिल्ह्याच्या गावी दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, हिचा वरचा जबडा अरुंद आहे. डब्याचे झाकण लहान असले की ते मधोमध बसत नाही, बाजूला सरकवावे लागते. तशी मी चावताना खालचा जबडा सरकवत होते.

आईने विचारले, "सरळ होईल का हो?" डॉक्टर म्हणाले, "हाड वाढतंय तोवर बरंच जमतं. मोठेपणी हाडच एका बाजूला जास्त वाढलेलं असेल, तर नुसत्या तारेनं भागत नाही. शस्त्रक्रिया करावी लागते." ते असेही म्हणाले की कोणाचाच चेहरा दोन्हीकडून अगदी सारखा नसतो.

तारेने दात कसा सरकतो? तार दाताला हळू दाबते. दाबाच्या बाजूचे हाड झिजते व मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. दात महिन्याला सुमारे १ मिलिमीटर सरकतो. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात. नंतरही दात जागेवर राहावेत म्हणून प्लेट वापरावी लागते, नाहीतर ते परत फिरतात.

मला टाळूला बसणारी प्लेट दिली आहे. तिच्यात बारीक स्क्रू आहे. आई दर रविवारी किल्लीने तो पाव वेढा फिरवते. पहिल्या आठवड्यात मी "शाळा" ऐवजी "थाळा" म्हणायची. सगळे हसले, मीपण हसले. खर्चासाठी आईने बोकड विकला. म्हणून मी प्लेट एक दिवसही विसरत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तेथेही असे उपचार होतात.

घरी आरशापुढे उभे राहून कपाळापासून हनुवटीपर्यंत दोरा धरून पाहते. आता हनुवटी दोऱ्याच्या जवळ आली आहे. पुढचा एक दात अजून वाकडाच आहे. सगळे कायमचे दात आले की त्याला तार लावायची का ते डॉक्टर ठरवतील.

पालकांना विनंती आहे की, सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांचे दात एकदा दाखवावेत. आणि मित्रांनो, कोणाला वाकडा म्हणू नका. यंदाच्या फोटोत मी हात खाली ठेवणार आहे.