व्याधी, श्वास आणि सूत्रातलं ‘वा’



आजचं वाचन : पातंजल योगसूत्र, समाधिपाद, सूत्र ३० ते ३४.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिच्या केमोच्या तीन सायकल झाल्या होत्या. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं की रोज अर्धा तास प्राणायाम केला की गाठ विरघळते. “तू योगसूत्रं वाचतोस ना रे, मग पुढची केमो नको म्हणू का?” केमो अजिबात चुकवायची नाही, एवढं मी लगेच सांगितलं. पण शास्त्र काय म्हणतं हे सांगायला पुस्तक उघडावं लागलं.

सूत्र ३० मध्ये पतंजलींनी साधनेतले नऊ अडथळे मोजलेत, आणि पहिलं नाव व्याधीचं आहे. मला याचा फार दिलासा वाटतो. आजारपणात जप होत नाही, ध्यान लागत नाही, मग आपली श्रद्धाच कमी पडली असं वाटायला लागतं. पतंजली तसं म्हणत नाहीत. शरीर बिघडलं की चित्त ढळणार, हे ते धरूनच चालतात. ढळलेल्या चित्तासोबत काय येतं ते पुढच्या सूत्रात आहे : दुःख, मन खचणं, अंगाला कंप आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. रिपोर्टची वाट बघत ओपीडीबाहेर बसलेल्या कुणाकडेही बघा, यातलं बरंचसं दिसेल.

सूत्र ३४ याच श्वासाला हाताशी धरतं. आधी प्रच्छर्दन, म्हणजे श्वास बाहेर सोडणं. मग विधारण, म्हणजे रोखणं. आणि मध्ये एक छोटासा ‘वा’ आहे, म्हणजे ‘किंवा’. अनेक उपायांतला हा एक. आदल्याच सूत्रात मैत्री-करुणा येऊन गेल्यात. आणि फळ काय, तर चित्ताची प्रसन्नता. गाठ जाईल, असं सूत्र कुठेच म्हणत नाही.

प्रयोगही फारसं वेगळं सांगत नाहीत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे व्हेगस नर्व्हचं काम. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर निवतं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी केमो घेणाऱ्यांवर प्राणायामाचा एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी जास्त सराव केला त्यांची झोप सुधारली, चिंता कमी झाली. केमो सगळ्यांची चालूच होती. (रात्रभर झोप न लागलेल्या पेशंटला विचारा, ही काय छोटी गोष्ट आहे का!)

आणि प्राणायामाने अपाय होतच नाही, हाही गैरसमज. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात स्वात्माराम बजावतात की सिंह-हत्ती माणसाळवावेत तसा प्राण हळूहळू वश करायचा. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी मागे लागते. हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी, काचबिंदू, हर्निया किंवा पोटाचं ताजं ऑपरेशन असेल तर कपालभाती-भस्त्रिका नकोच.

मावशीला मी एवढंच सांगितलं : डॉक्टरांना आधी विचार. पाठीला उशा घेऊन टेकून बस. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. रोखायचा अजिबात नाही. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. गरगरलं किंवा दम लागला तर थांबायचं. सोडताना मनात नाम घेतलं की आकडे मोजायची गरजही उरत नाही.

परवा चौथी सायकल झाली. रात्री तिचा फोन : “सलाईन लावताना करत होते रे. सहापर्यंत काही जाईना, पाचच जमले. चालेल ना?”

चालेल म्हटलं.

उद्या सूत्र ३५. 🙏