ट्रॅक्टरचे इंजिन तापते तेव्हा

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला की गावातील ट्रॅक्टरला उसंत नसते. नेमके याच दिवसांत उष्णतामापकाचा काटा तांबड्या पट्टीत जाऊ लागतो. मालक रेडिएटरमध्ये पाणी भरतो, अर्धा तास काम होते आणि काटा पुन्हा चढतो. असे चार-सहा वेळा झाले की हेड गॅस्केट जळते किंवा सिलिंडर हेडला तडा जातो. दुरुस्तीचा खर्च तर होतोच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे पेरणीची वेळ टळते. सबब कारण शोधण्याची रीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेऊन शेतकऱ्यास दाखवून द्यावी.

डिझेलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता प्रत्यक्ष कामी येते. उरलेल्यापैकी बराच भाग धुराबरोबर निघून जातो व बराच भाग पाण्यावाटे रेडिएटरकडे येतो. शर्यतीच्या मार्गावर पूर्ण जोराने पळविलेली मोटारही तापते. परंतु तिला धावताना समोरचा वारा तरी मिळतो. रोटाव्हेटर चालविणारा ट्रॅक्टर पूर्ण भाराखाली ताशी 3 ते 4 किलोमीटर वेगाने तासन्‌तास चालतो, आणि मळणी यंत्रावर तर तो जागचा हलतही नाही. त्याची सारी भिस्त पंख्यावर व रेडिएटरच्या जाळीवर असते.

म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : इंजिन केव्हा तापते? भार नसताना उभ्या जागीही तापत असेल, तर पाणी कमी आहे, फिरत नाही किंवा पंखा चालत नाही असे समजून शोधास लागावे. केवळ भाराखाली तापत असेल, तर जाळी तुंबलेली असणे, पट्टा घसरणे, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसणे किंवा इंजिनावर शक्तीबाहेर भार पडणे, यांपैकी काहीतरी असते. एवढ्या एका प्रश्नाने निम्मे काम होते. पण तो विचारण्यापूर्वीच पाने हाती घेण्याची घाई बहुधा केली जाते.

सर्वांत अधिक आढळणारे कारण सर्वांत साधे आहे. मळणीच्या वेळी उडणारा भुसा पंख्याच्या ओढीने रेडिएटरच्या पुढील अंगास चिकटतो व त्यावर धुळीचा लेप बसतो. समोरून पाहता जाळी स्वच्छ दिसते, परंतु पातळ पात्यांच्या आत केर दडलेला असतो. मागे दिवा धरून पुढून पाहावे. उजेड आरपार दिसला नाही तर जाळी तुंबली आहे. हवा ज्या दिशेने आत येते त्याच्या उलट, म्हणजे पंख्याच्या बाजूने पुढे, हवा किंवा पाण्याची मंद धार सोडून ती साफ करावी. जोराच्या धारेने पाती वाकतात व हवेची वाट कायमची बंद होते. मळणीवर ट्रॅक्टर उभा करतानाच वाऱ्याची दिशा पाहिली, तर हा त्रास बराच वाचतो.

यानंतर पंख्याचा पट्टा पाहावा. दोन कप्प्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबला असता तो साधारण 12 ते 15 मिलिमीटर दबावा; नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत असते. पट्टा तेलकट किंवा चकचकीत झाला असेल, तर ताण बरोबर असूनही तो घसरतो.

भाराखाली काही वेळ चालवून इंजिन बंद करावे व रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या भागाजवळ हाताची मागील बाजू नेऊन पाहावी. वरचा भाग कढत व खालचा त्याहून बराच कमी गरम असेल, तर रेडिएटर आपले काम करीत आहे. दोन्ही जवळजवळ सारखेच कढत असतील, तर पुरेशी हवा मिळत नाही. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तेथील नळ्या आतून बंद आहेत. इंजिन तापले असूनही रेडिएटर गारच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा पाण्याचा पंप पाणी फिरवीत नाही.

थर्मोस्टॅटवर संशय आला की तो काढून फेकून देण्याची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन लवकर योग्य उष्णतेस येत नाही, इंधन अर्धवट जळते व झीज वाढते; काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर चुकवून आडवाटेने फिरू लागते. तो पातेल्यातील पाण्यात टांगून तापवावा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, बहुधा 80 अंश सेल्सियसच्या सुमारास, तो उघडू लागला तर तो निर्दोष आहे.

बाहेर गळती नसूनही पाणी वरचेवर कमी होत असेल, तर प्रकरण अधिक गंभीर समजावे. सकाळी इंजिन गार असताना झाकण काढून रेडिएटर भरावा व इंजिन सुरू करावे. आरंभीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. परंतु ते सतत येत राहिले व इंजिनाचा वेग वाढविताच वाढले, तर गॅस्केटमधून वायू पाण्यात शिरत आहे. तेल मोजावयाच्या पट्टीवर तेल दुधाळ दिसले, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये.

धूर काळा येत असेल तर हवेचा गाळक पाहावा आणि नांगराची खोली कमी करावी. ‘ताकद वाढविण्यासाठी’ इंधनपंपाचे सील तोडून डिझेल वाढविलेले ट्रॅक्टरही पाहावयास मिळतात. तेथे रेडिएटर नवा बसवूनही गुण येत नाही.

काम करताना काटा चढला तर भार काढावा व इंजिन काही मिनिटे भाराविना चालू ठेवावे; मात्र पाणी निघून गेले असेल किंवा पट्टा तुटला असेल तर ते ताबडतोब बंद करावे. पाणी अगदी निघून गेल्यास उष्णतामापकाचा काटा खोटा खालीही पडतो, हे ध्यानात असावे. गरम असताना झाकण उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतील पाणी 100 अंशांपुढे जाऊनही उकळलेले नसते. दाब सुटताच ते उसळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये विहिरीचे गार पाणी ओतल्यास बीडाला तडा जाण्याची भीती असते.

विहिरीचे जड पाणी नेहमी भरू नये. न्हाणीतील बंबाच्या आत बसणारा पांढरा थर इंजिनातही बसतो व उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात मिसळून वापरावे. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट गोड चवीचे पण विषारी असते. बदलताना ते भांड्यात धरावे. गोठ्याजवळ सांडल्यास गुरे किंवा कुत्री ते चाटतात.