पाहुणे जरा जपून बोलवा

पहिला अल्बम काढायला निघालेल्या रॅपरला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगेन: गाण्यांची यादी पक्की होण्याआधी पाहुण्यांची यादी करू नका. मराठी-हिंदीत रॅप करणाऱ्या नव्या मुलामुलींचे पहिले अल्बम मी नेमाने ऐकतो. त्यांच्या लिखाणाबद्दल मला मनापासून आस्था आहे, आणि म्हणूनच एक खंत पुन्हा पुन्हा वाटते. अर्ध्याअधिक गाण्यांच्या नावापुढे ‘फीट.’ लागलेले असते, पाहुण्यांचे आवाज लगेच ओळखू येतात, पण ज्याच्या नावाने अल्बम निघाला तो माणूस कोण, कुठल्या वस्तीतून आला, त्याला काय सलते, हे अल्बम संपला तरी कळलेले नसते. पुढच्या अल्बमांच्या वेळी श्रोता तुम्हाला ओळखत असतो, तेव्हा घर भरून पाहुणे आले तरी चालतात. पहिल्या अल्बमला मात्र ओळख करून देणे हेच मुख्य काम असते, आणि पाहुण्याला दिलेला प्रत्येक अंतरा त्या ओळखीच्या वेळातून वजा होतो. म्हणून माझे म्हणणे असे की पहिल्या अल्बमात पाहुणा तेव्हाच यावा, जेव्हा त्याच्या येण्याने यजमानाची अशी एखादी बाजू उजेडात येते जी त्याला एकट्याने दाखवता आली नसती. बाकी सगळी आमंत्रणे पुढच्या अल्बमसाठी राखून ठेवावीत.

हे मी हवेत बोलत नाही. रॅपमधले जे पहिले अल्बम आजही अभ्यासाला घेतले जातात, त्यांत नाझचा ‘इलमॅटिक’ अग्रभागी आहे. तो 19 एप्रिल 1994 रोजी कोलंबिया कंपनीने काढला, तेव्हा न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला हा मुलगा वीस वर्षांचा होता. सुरुवातीचा तुकडा धरून दहा ट्रॅक, सगळे मिळून जेमतेम चाळीस मिनिटे. माइकच्या मागे मात्र मातब्बरांची फळी होती: डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल.ई.एस. इतक्या ओळखी असताना नाझला रॅप करणारे पाहुणे मिळाले नसते असे नाही. तरी अख्ख्या अल्बमात दुसऱ्या रॅपरचा अंतरा एकच आहे, ‘लाइफ्स अ बिच’मध्ये, आणि तोही एझी या तेव्हा फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या ब्रुकलिनच्या मुलाचा. हे गाणे जवळून ऐकण्यासारखे आहे. सुरुवात एझी करतो आणि त्याचा अंतरा मरणाच्या सावलीत पैशामागे धावणाऱ्या, उद्याचा भरवसा नसलेल्या मनाचा आहे. त्यानंतर नाझ येतो आणि विशी गाठल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. एझीने आधी अंधार उभा केला नसता, तर त्या कृतज्ञतेला वजन आले नसते. शेवटी शब्द थांबतात आणि कॉर्नेट वाजू लागतो. तो वाजवणारे ओलू दारा हे जॅझ वादक आणि नाझचे वडील. पिढीतला समवयस्क आणि घरातला वडीलधारा असे दोन पाहुणे एका गाण्यात आले, आणि दोघांनी मिळून यजमानाचाच चेहरा स्पष्ट केला.

याच नाझच्या बाबतीत नाण्याची दुसरी बाजूही पाहता येते. ‘इलमॅटिक’च्या तीन वर्षे आधी, 1991 मध्ये, मेन सोर्स या गटाचा ‘ब्रेकिंग अ‍ॅटम्स’ हा पहिला अल्बम आला. जाणकार आजही त्याला मान देतात. त्यातल्या ‘लाइव्ह अ‍ॅट द बार्बेक्यू’ या गाण्यात सुरुवातीचाच अंतरा सतरा वर्षांच्या नाझला मिळाला होता. त्या अंतऱ्याने त्याचे नाव न्यूयॉर्कभर झाले, आणि आज ‘ब्रेकिंग अ‍ॅटम्स’चा विषय निघाला की नाझचे नाव हटकून निघते. ‘इलमॅटिक’च्या पहिल्या तुकड्यात तोच जुना अंतरा मागे ऐकू येतो, म्हणजे दुसऱ्याच्या अल्बमातली पाहुणचाराची मिळकत नाझने स्वतःच्या घराच्या पायरीला लावली. मेन सोर्सच्या लार्ज प्रोफेसरने एका नव्या मुलाला जागा दिली हे त्याचे मोठेपण, आणि त्याबद्दल रॅप त्याचा ऋणी आहे. पण पहिला अल्बम काढणाऱ्याने यातला दुसरा धडाही लक्षात घ्यावा. पाहुणा नामवंत असेल तरच तो भारी पडतो असे नाही. ज्याला काहीतरी सिद्ध करायचे आहे, असा अनोळखी पाहुणाही यजमानाला झाकून टाकू शकतो. त्यामुळे ‘माझा पाहुणा माझ्याहून नवखा आहे, मला काय धोका’ हा हिशोब चुकतो.

‘इलमॅटिक’च्याच वर्षी, 13 सप्टेंबर 1994 रोजी, द नोटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगीचा ‘रेडी टु डाय’ आला. त्यातही रॅप करणारा पाहुणा एकच, ‘द व्हॉट’मधला मेथड मॅन. गाणारे आवाज इतरत्र आहेत, पण कथा सांगायचे काम बिगीने दुसऱ्याकडे दिलेले नाही. यातले ‘गिमी द लूट’ हे गाणे प्रत्येक नव्या रॅपरने कान देऊन ऐकावे. त्यात दोन लुटारूंचे संभाषण आहे. एकाचा आवाज जाड, संथ; दुसऱ्याचा चिरका, उतावळा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की दुसरा कुणी रॅपर आला आहे. प्रत्यक्षात दोन्ही आवाज बिगीचेच आहेत. पाहुणा बोलवायची इतकी सोयीची जागा क्वचितच मिळते, पण ती त्याने स्वतः भरून काढली आणि त्यामुळे आपल्या आवाजात काय काय मावते हे पहिल्याच अल्बमात जगाला दाखवले. गाण्यात दुसरा माणूस हवा आहे असे वाटले की आधी ही परीक्षा घ्यावी: तो दुसरा माणूस मला लिहिता येतो का, बोलता येतो का? येत असेल, तर त्या गाण्याला पाहुण्याची गरज नाही.

आता यावर पहिला आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. नव्या माणसाला ऐकतो कोण? नावाजलेला पाहुणा आला तर निदान त्याचे श्रोते येतील. आजच्या अ‍ॅपवर तर पाहुण्याचे नाव लागले की गाणे त्याच्याही पानावर दिसते, मग ही फुकटची जाहिरात का सोडा? जाहिरात होते हे मला मान्य आहे. पण ती गाण्याची होते, अल्बमची आपोआप होत नाही. जे-झीचा ‘रीझनेबल डाऊट’ 25 जून 1996 रोजी आला तेव्हा त्यात मेरी जे. ब्लाइज होती आणि खुद्द बिगी होता, तेव्हाच्या न्यूयॉर्कमधली यापेक्षा मोठी नावे शोधावी लागली असती. तरी अमेरिकेच्या बिलबोर्ड 200 यादीत तो 23व्या क्रमांकापर्यंत गेला, आणि एका अनोळखी पाहुण्याचा ‘इलमॅटिक’ 12व्यापर्यंत. कोलंबियाची ताकद आणि रॉक-अ-फेला या नवजात कंपनीची ताकद यांत फरक होता हे धरूनही एवढे नक्की म्हणता येते की बड्या नावांनी विक्रीची हमी मिळत नाही. उलट ‘इलमॅटिक’ सावकाश मुरत गेला: 1996 मध्ये गोल्ड, 2001 मध्ये प्लॅटिनम, आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. ‘रीझनेबल डाऊट’ टिकला तोही नावांच्या जोरावर नाही. ‘ब्रुकलिन्स फाइनेस्ट’मध्ये बिगी एक अंतरा म्हणून निघून जात नाही, दोघे एकमेकांच्या तोंडचे वाक्य उचलत, सवाल-जवाब करत गाणे पुढे नेतात. तेव्हाच्या सर्वांत वजनदार रॅपरसमोर हा नवा गडी एक पाऊलही मागे हटत नाही, हे श्रोत्याला त्या झटापटीतूनच समजते. मोठा पाहुणा बोलवायचाच असेल, तर तो असा समोर बसवावा. ईमेलने अंतरा मागवून गाण्याच्या शेवटी चिकटवला, तर श्रोता तेवढाच ऐकून निघून जातो.

दुसरा आक्षेप कान्ये वेस्टच्या ‘द कॉलेज ड्रॉपआउट’चा. फेब्रुवारी 2004 मधल्या या पहिल्या अल्बमात जे-झी, मॉस डेफ, टालिब क्वेली, कॉमन, लुडाक्रिस, ट्विस्टा, जेमी फॉक्स अशी जत्राच आहे, आणि त्याला ग्रॅमीही मिळाले. मग माझा नियम कुठे राहिला? मला वाटते, हा अल्बम नियमाच्या बाजूनेच साक्ष देतो. कान्ये तेव्हा बीट बनवणारा म्हणून नावाजलेला होता. जे-झीच्या 2001 मधल्या ‘द ब्लूप्रिंट’मध्ये त्याचे मोठे काम होते. पण हा माणूस स्वतः रॅप करू शकतो यावर धंद्यातल्या लोकांचा विश्वास नव्हता. रस्त्यावरचा रॅप आणि विचारी रॅप अशा दोन टोकांच्या लोकांना एका छताखाली आणणे हीच त्याची खासियत होती, आणि ती पाहुण्यांशिवाय दिसलीच नसती. ‘टू वर्ड्स’मध्ये मॉस डेफ, फ्रीवे आणि बॉइज क्वायर ऑफ हार्लेम एकत्र ऐकताना हे पटते. शिवाय स्वतःची खरी ओळख सांगायची वेळ आली तेव्हा त्याने कुणालाही शेजारी उभे केले नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये मोटार अपघातात त्याचा जबडा मोडला, तो तारेने बांधलेला असतानाच त्याने ‘थ्रू द वायर’ म्हटले. त्यात चाका खानच्या जुन्या गाण्याचा तुकडा आहे, पण अंतरे त्याचे एकट्याचे आहेत. ‘जीझस वॉक्स’मध्येही दुसरा रॅपर नाही. म्हणजे पाहुणे किती यापेक्षा कणा कुणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. हिपहॉप ही मुळातच संगतीची कला आहे, कोंडाळे करून आळीपाळीने म्हणण्यातूनच ती वाढली, मग दोस्तांना बाहेर ठेवून एकट्याचा अल्बम काढणे हा स्वार्थ नाही का? संगतीचे मोल मला कमी लेखायचे नाही. पण संगतीसाठी वेगळी जागा असते. वू-टँग क्लॅनने नोव्हेंबर 1993 मध्ये आधी सगळ्यांचा मिळून अल्बम काढला आणि मग एकेकाचे अल्बम आले. हा क्रम आपल्याकडच्या टोळक्यांनाही उपयोगी आहे: सगळ्यांचे मिळून एक काम करा, त्यात प्रत्येकाला पूर्ण वाव द्या, म्हणजे एकट्याच्या अल्बमात कुणाची सोय लावायची पाळी येणार नाही. आपल्या पोवाड्यातही शाहिरामागे झीलकरी असतात, त्यांच्यावाचून पोवाडा उभा राहत नाही, पण तो कोण गातो आहे याबद्दल श्रोत्याच्या मनात संशय नसतो. आणि पाहुणा विषयाच्या पोटातून यावा तो कसा, याचा दाखला मुंबईतच आहे. स्वदेसी या गटाने 2019 मध्ये, आरेच्या झाडांचा प्रश्न पेटलेला असताना, ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले आणि त्यात आरेतल्या आदिवासी चळवळीतले प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला. ते रॅपर नाहीत. त्यांच्यामुळे अ‍ॅपवरचे आकडे वाढतील असा हिशोब त्यामागे असूच शकत नव्हता. पण ज्या जंगलाबद्दल गाणे आहे तिथला माणूस त्यात बोलला नसता, तर गाणे अर्धे राहिले असते. हे पहिल्या अल्बमचे उदाहरण नाही, तरी पाहुणा निवडण्याची कसोटी यातून नेमकी कळते.

आता व्यवहाराचे. पाहुण्यांची गर्दी होते ती बहुतेक वेळा भिडेपोटी: त्याने मला त्याच्या गाण्यात घेतले होते, आता मी नाही कसे म्हणू? भीड भिकेची बहीण, हे इथे अक्षरशः खरे ठरते, कारण भिडेने बोलावलेल्या पाहुण्याशी कागद करायचीही भीड वाटते. कागद मात्र हवाच. जो पाहुणा आपला अंतरा स्वतः लिहितो, तो त्या शब्दांचा लेखक असतो आणि म्हणतो म्हणून कलाकारही असतो. कायद्यात दोन्ही हक्क वेगवेगळे आहेत. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर फक्त भारत. तुमचे गाणे मात्र पहिल्याच दिवशी जगभर पोचते. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारानेही कंपनीच्या घशात घालता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधीच एका पानावर लिहून घ्या: शब्द कुणाचे, बीट कुणाची, कुणाचा वाटा किती टक्के, नाव कसे लागणार, व्हिडिओत कोण असणार. दोस्ती टिकवायची असेल तर हे आधी बोलावे. पैसे आल्यावर बोलायला बसले की दोस्तीही जाते आणि गाणेही अडकते.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी सगळी गाणी एकट्याने पूर्ण लिहा आणि कच्ची का होईना, एकट्याच्या आवाजात रेकॉर्ड करा. पाहुण्यासाठी जागा मोकळी सोडून लिहायला बसू नका, कारण अशी जागा असली की ती भरायला माणूस शोधला जातो. मग प्रत्येक गाणे ऐकून स्वतःला विचारा, इथे असे काय राहिले आहे जे मला सांगता येत नाही, आणि ते नेमके कोण सांगू शकतो? उत्तरात एखादे ठरावीक नाव आले, तर त्या माणसाकडे जा. ‘कुणीतरी मोठा’ असे उत्तर आले, तर गाणे आहे तसे ठेवा. पाहुण्याचा अंतरा आल्यावर त्याच्यासमोर तुमचा अंतरा फिका वाटत असेल, तर तो पुन्हा लिहा, पुन्हा म्हणा. तरी जमले नाही, तर ते गाणे वेगळे काढा आणि अल्बमात घेऊ नका. पहिले आणि शेवटचे गाणे एकट्याचेच असू द्या. एवढे केल्यावर अल्बमात एक पाहुणा उरो की दहा, ते सगळे तुमच्या कामाला आलेले असतील. तुमच्या गल्लीची, भाषेची, घरची जी गोष्ट आहे ती तुमच्याइतकी चांगली दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही, आणि ती पहिल्यांदा सांगायची संधी एकदाच मिळते. ती दुसऱ्याच्या आवाजावर खर्च करू नका.