आज्ञावलीचे शुद्धलेखन
दमणगंगेच्या परिसरातील राखोली येथील एखादा ग्रामस्थ शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरताना वार्षिक उत्पन्नाचा रकाना चुकून रिकामा ठेवतो, असे समजू. रकाना भरण्याची सूचना त्यास तत्काळ मिळावयास हवी. परंतु जावास्क्रिप्ट भाषेत रिकामी नोंद व शून्य यांची तुलना दोन बरोबर-चिन्हांनी केल्यास ती समान ठरतात; तीन चिन्हांनी केल्यास ठरत नाहीत. आज्ञावलीत एक चिन्ह कमी पडल्याने अर्जदाराचे उत्पन्न शून्य धरले जाऊ शकते आणि पुढे खोट्या माहितीचा ठपका त्या बिचाऱ्यावरच येतो.

अशा चुका टिपण्यासाठी १९७८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी 'लिंट' हे साधन तयार केले. कापडाला चिकटणाऱ्या बारीक तंतूंवरून हे नाव पडले. जावास्क्रिप्टसाठी २०१३ साली निकोलस झकास यांनी ईएसलिंट निर्माण केले. आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता, केवळ वाचून ते दोष दाखविते.

मात्र प्रत्येक प्रकल्पाचे नियम निराळे असतील, तर एका ठिकाणी अडविलेली चूक दुसरीकडे बिनबोभाट सुटते. मराठी लेखनातही पूर्वी असाच घोळ होता. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. ऱ्हस्व-दीर्घाचे वाद त्याने मिटले नाहीत. पण शिक्षकाला वही तपासण्यास एक प्रमाण मिळाले.

आज्ञावलीचे नियमही एका स्वतंत्र संचात ठेवून सर्व प्रकल्पांनी तेथूनच घ्यावेत. अपवाद करणे भाग पडल्यास त्याचे कारण त्याच ओळीशेजारी लिहावे. जुन्या प्रकल्पास सर्व नियम एकदम लावल्यास तक्रारींचा ढीग निघतो व मग कोणीच तो वाचत नाही. म्हणून आरंभी मोजके नियम सक्तीचे, उर्वरित केवळ इशाऱ्यादाखल असावेत. ओळींमधील मोकळ्या जागेसारख्या बाबी प्रिटियरसारख्या साधनावर सोपवाव्यात. त्यावर बैठकीचा वेळ खर्चणे व्यर्थ होय. नव्या ओळी मुख्य आज्ञावलीत सामील होण्यापूर्वी तपासणी आपोआप व्हावी, ती कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसावी. नियम बदलताना संचास नवा आवृत्तिक्रमांक द्यावा. अन्यथा काल चालणारे काम आज अकस्मात अडते.

उत्पन्नाची मर्यादा शासन निर्णयाप्रमाणेच लिहिली आहे किंवा नाही, हे मात्र या साधनास कळत नाही. ती पडताळणी संबंधित कार्यासनानेच करावयाची आहे.