मल्टिपल स्क्लेरोसिस : ओसरलेले लक्षण म्हणजे बरा झालेला व्याधी नव्हे

हातापायांना मुंग्या, सुप्ती, बलहानी अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपणांस नवा नाही. अशा वेळी आपण वातव्याधीचा, मानेच्या मणक्यांचा अथवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या न्यूनतेचा विचार करतो आणि बहुधा तो योग्यही ठरतो. तथापि रुग्ण २० ते ४० वर्षे वयाचा, विशेषतः स्त्री असल्यास मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका मनात बाळगणे अगत्याचे आहे.

या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू व दृष्टिनाडी यांतील तंतूंच्या मायलिन या आवरणावरच आघात करते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे सुस्पष्ट वर्णन केले.

प्रारंभीची लक्षणे पुढीलप्रमाणे :
१) एका डोळ्याची दृष्टी काही दिवसांत मंदावणे, डोळा हलविताना वेदना.
२) दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे.
३) मान पुढे वाकविताच पाठीतून विजेसारखी झिणझिणी उतरणे.
४) मूत्रवेगावर ताबा न राहणे.

ही लक्षणे २४ तासांहून अधिक, कित्येकदा काही आठवडे टिकतात व पुष्कळदा आपोआप ओसरतात. येथेच चिकित्सकाची फसगत होते. त्याच सुमारास दिलेल्या बस्ती-अभ्यंगास यश आले असे वाटते. परंतु आत हानी चालूच राहू शकते. म्हणून ‘पूर्वी कधी डोळ्याची वा पायांची अशी तक्रार होऊन गेली काय?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

उपशय-अनुपशयाचाही येथे उपयोग होतो. उष्णतेने या रुग्णांची लक्षणे तात्पुरती वाढतात; व्यायामानंतर दृष्टी तात्पुरती मंदावते, हे उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदविले होते. स्वेदनानंतर दृष्टी अथवा बल मंदावल्यास स्वेदन थांबवून या व्याधीचा विचार करावा.

शंका येताच रुग्णास विनाविलंब मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. मेंदू व मज्जारज्जूचा एम.आर.आय. आणि आवश्यक तेथे पाठीतील द्रवाची तपासणी यांवरून निदान होते. लवकर सुरू केलेल्या औषधांनी पुढील झटके कमी होतात. ती औषधे आपल्या सल्ल्याने बंद होऊ नयेत; आपली औषधेही तज्ज्ञांना कळवावीत. मुंग्यांसाठी वारंवार तेल वा गोळ्या नेणाऱ्या तरुण ग्राहकास औषधालयचालकांनीही तपासणी सुचवावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये या व्याधीचा समावेश आहे, हेही रुग्णास सांगावे. व्याधी ओळखून वेळीच योग्य हाती सोपविणे हेही चिकित्सेचेच अंग होय.