धाप लागली म्हणून घाबरू नकोस

अगं, जिना दिसला की तुझा हात आधी लिफ्टच्या बटणाकडे जातो, ते मी बघते. दम्याच्या भीतीने तू चालणं सोडलंस. शरीराची सवय मोडली, आता एक मजला चढलीस तरी धाप लागते, आणि तू म्हणतेस, “बघ ताई, दमा वाढला.” दरवेळी तसंच असतं असं नाही गं.

भरभर चाललं की धाप सगळ्यांनाच लागते आणि थांबलं की बसते. छाती आवळून आली, श्वासाला शिट्टी वाजायला लागली, खोकल्याची उबळ थांबेना, तर तो दमा. तेव्हा थांबायचं, पंप घ्यायचा. तरी आराम पडला नाही तर लगेच डॉक्टर गाठायचा. हा फरक ओळखता आला की निम्मी भीती तिथेच जाते.

भराभर श्वास घेताना गार, कोरडी हवा श्वासनलिकेतला ओलावा ओढून घेते आणि नलिका आखडते. म्हणून पहिली दहा मिनिटं रमतगमत चाल, वेग नंतर. थंडीत पहाटे निघायचा हट्ट नको, ऊन वर आल्यावर जा, नाकावर ओढणी घे. आणि पंपाची सवय लागते म्हणणाऱ्या काकूंचं मुळीच ऐकू नकोस. अमेरिकेची धावपटू जॅकी जॉयनर-कर्सी दमेकरी, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली. तरुणपणी तिनेही औषधं टाळली होती आणि त्याचा त्रास भोगला होता.

आता मनाचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग मांडला. आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, आणि त्या का घडल्या तेही. लिहिणाऱ्यांचं मन पुढे सहा महिने जास्त प्रसन्न राहिल्याचं दिसलं. तो प्रयोग दमेकऱ्यांवर नव्हता, पण त्यातलं ‘का’ मला तुझ्यासाठी फार मोलाचं वाटतं. ‘आज कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत न थांबता गेले’ एवढंच लिहू नकोस. ‘कारण सुरुवात हळू केली, पंप पर्समध्ये होता, म्हणून घाबरले नाही’ हेही लिही. म्हणजे ते नशिबाने घडलं नाही, तू घडवलंस, हे तुझ्याच अक्षरात तुला दिसेल. माझ्या शाबासकीने तेवढा धीर येणार नाही.

रात्री खोकल्याने जाग येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखव. व्यायामाआधी पंप घ्यायचा का, तेही त्यांनाच विचार, आणि रोजचा पंप मनाने बंद करू नकोस. येत्या सोमवारी वेळ घे. एकटीला जावंसं वाटत नसेल तर मी येते बरोबर.