रक्त, हाड आणि गुडघ्याची गादी

शंका : हाड कडक, चरबी मऊ आणि रक्त तर पातळ. तरीही विज्ञानाच्या पुस्तकात तिघांनाही संयोजी ऊती का म्हटलं आहे?
— एक विद्यार्थिनी, इयत्ता नववी, अकोट

समाधान : बेटा, शंका रास्त आहे. कडक की मऊ ते बाजूला ठेव आणि आत पेशी कशा बसल्या आहेत ते बघ. त्वचेच्या वरच्या थरात पेशी एकमेकींना अगदी खेटून असतात. संयोजी ऊतींत बहुधा त्या विखुरलेल्या असतात आणि मधली सगळी जागा तंतू असलेल्या आधारद्रव्याने भरलेली असते. या आधारद्रव्यावरच ऊतीचं काम ठरतं. हाडात त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार साठतात, म्हणून हाड भार पेलतं. कास्थीत ते पाणी धरून ठेवतं, म्हणून नाकाचा शेंडा दाबला तरी परत वर येतो. रक्तात ते द्रवरूप असतं. त्या द्रवात तंतू दिसत नाहीत, पण विळ्याने बोट कापलं की त्यात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे तंतू बनतात आणि रक्त गोठतं. चरबीत आधारद्रव्य कमी आणि मेदाने भरलेल्या पेशीच जास्त. तरी तीही याच घराण्यातली, कारण गर्भात या साऱ्यांचा उगम मुख्यतः मध्यस्तर नावाच्या थरातूनच होतो.

या घराण्याचा मुख्य तंतू म्हणजे कोलॅजन. दोर वळताना तीन पिळे एकमेकांत गुंफतात, तशा त्याच्या रेणूत तीन साखळ्या गुंफलेल्या असतात. ही तिहेरी रचना मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये जगापुढे मांडली. स्नायू हाडाला बांधणारे स्नायुरज्जू आणि हाड हाडाला बांधणारे अस्थिबंध यांत हे तंतू एका दिशेने, ताणाच्या रेषेत असतात. त्वचेच्या आतल्या थरात ते आडवेतिडवे असतात, कारण कातडीला चहूकडून ताण सोसायचा असतो. पुस्तकात हे एवढं नसेल, पण ध्यानात ठेव.

शंका : केळीला पाणी देताना चारीत पाय पडून घोटा मुरगळला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. दोन महिने झाले, सूज उतरली, पण दुखणं आहेच. गावातल्या जाणत्याकडून चोळून घेऊ का?
— एक शेतकरी, बोर्डी

समाधान : चोळू नका. हाड शाबूत म्हणजे काहीच झालं नाही, असं नसतं. तुमचा अस्थिबंध बहुधा ताणला गेला आहे किंवा थोडा फाटला आहे. हाडाला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून मनगटाचं साधं हाड सहा आठवड्यांत जुळतं. अस्थिबंधाला रक्त कमी मिळतं. तिथे आधी कच्चे तंतू तयार होतात, ते पक्के व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळलं तर आतला रक्तस्राव वाढतो. आता चोळून धोका कमी, पण उपयोगही नाही. उपयोग आहे तो व्यायामाचा. भिंतीला हात टेकून दुखऱ्या एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, रोज दोन वेळा. पाय वारंवार लचकत असेल तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

शंका : माह्या मायचे गुडघे लय दुखतात. कापूस वेचाले गेली की संध्याकाळी तिले उठता येत नाही. एक म्हणते ग्रीस संपलं, दुसरा म्हणते वाटी घासली. कोलॅजनची पावडर घेतली तर गादी परत भरते म्हणतात. खरं काय व्हय?
— एक वाचक, मुंडगाव

समाधान : आधी ग्रीसचं. निरोगी गुडघ्यातही वंगण जेमतेम काही थेंब, चहाच्या चमच्याएवढंसुद्धा नसतं. झिजलेल्या गुडघ्यात ते बहुतेक वेळा पातळ होतं आणि वाढतं, म्हणून तर सूज येते. तेव्हा ‘ग्रीस संपलं’ या बोलण्यावर पैसे घालवू नका.

घासते ती वाटी आणि मांडीचं हाड यांवरची कास्थी, आपण म्हणतो ती गादी. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण वंगणातून होतं आणि गुडघा हलला, त्याच्यावर भार पडून उतरला, तरच ते आत झिरपतं. म्हणून झिजलेली कास्थी भरून येत नाही, आणि म्हणूनच आईला खाटेवर बसवून ठेवणंही चुकीचं. कास्थीत चेतातंतूही नाहीत. दुखतं ते खालच्या हाडाला, सांध्याच्या आवरणाला आणि थकलेल्या स्नायूंना. यातच आशेची जागा आहे : गादी भरली नाही तरी दुखणं कमी करता येतं. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, खाली ठेवायचा. हे रोज दोन वेळा केलं की मांडीचा स्नायू भार उचलतो. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हे सर्वांत मोठं औषध, कारण सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. कापूस वेचताना ओटी पूर्ण भरेपर्यंत थांबू नये, अर्धी झाली की रिकामी करावी. उकिडवं बसणं टाळावं.

पावडर पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच पचते. तिने गादी नव्याने भरते, याला भक्कम पुरावा नाही. शरीर कोलॅजन स्वतः बनवतं, त्याला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. तुमच्या भागात संत्र्याच्या बागा आहेत, मेळघाटात आवळा आहे, घरात तुरीची डाळ आहे. पावडरचे पैसे त्यावर खर्च करा. कुणीही दिलेलं सुईचं औषध गुडघ्यात घेऊ नये. स्टेरॉइडचं इंजेक्शन तज्ज्ञाने, मोजकंच द्यायचं असतं. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सांधे आखडत असतील किंवा सोबत ताप येत असेल, तर तो नुसता झिजेचा आजार नसावा. तपासणी लगेच करा.

शंका : धाकट्या भावाला सिकलसेल आहे. आता त्याचा खुबा दुखतो, तो लंगडत चालतो. रक्ताच्या आजाराने हाड कसं बिघडतं? माझ्या लग्नाचंही घरात बोलणं सुरू आहे.
— एक वाचक, पोपटखेड

समाधान : ताई, नेहमीची लालपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारखी वाकते, ताठ होते आणि १० ते २० दिवसांतच मोडते. ताठ पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. त्या तुंबल्या की गोळ्याचं हाड मरतं, खचतं, आणि खुबा कायमचा निकामी होऊ शकतो. ‘सिकलसेल म्हटलं की दुखणारच’ असं म्हणून हे अंगावर काढू नका. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दोष दिसतो. भावाला या आठवड्यातच अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या, आणि तिथे हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दलही विचारा. तोवर त्याने धावू नये, ओझं उचलू नये, पाणी भरपूर प्यावं.

नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. तेव्हापासून विदर्भाला हा आजार माहीत आहे, तरी तपासणी न करता अजूनही लग्नं ठरतात. भावाला आजार आहे, म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता मोठी. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो आणि लग्नालाही आडकाठी नाही. फक्त दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सरकारी दवाखान्यात आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. कुंडली जुळवण्याआधी तुमची आणि होणाऱ्या नवऱ्याची, दोघांचीही ही चाचणी करून घ्या.